कीओ संग्रह आणि पीकेडी प्लाझ्मिडं: घ्यावीत का, आणि घेतली तर कशी वापरावीत

ई. कोलाय या बॅक्टेरियामधलं एखादं जनुक काय काम करतं हे समजून घ्यायची सगळ्यात सरळ वाट म्हणजे ते काढून टाकायचं आणि काय बिघडतं ते पाहायचं. १९९०च्या दशकाच्या अखेरपर्यंत या सरळ वाटेने जायला महिने लागत. आधी जनुक प्लाझ्मिडवर (क्रोमोसोमपासून वेगळ्या, छोट्या गोल डीएनएवर) क्लोन करा, त्याचा मधला भाग उडवा, ते प्लाझ्मिड क्रोमोसोममध्ये बसवा, मग दुसऱ्या रीकॉम्बिनेशनने (डीएनएच्या अदलाबदलीने) बाहेर काढा. आज तेच काम आठवड्याभरात होतं. बहुतेक जनुकांच्या बाबतीत तेवढंही करावं लागत नाही, कारण ते जनुक काढलेला तयार म्युटंट मागवता येतो. या दोन्ही सोयींचं मूळ एकच आहे: अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातली बॅरी वॅनर यांची प्रयोगशाळा. तिथली जनुक काढण्यासाठीची पीकेडी प्लाझ्मिडं आणि त्यांच्या आधाराने जपानमध्ये तयार झालेला कीओ संग्रह, म्हणजे एकेक जनुक काढलेल्या ई. कोलाय म्युटंटांचा साठा, असं दोन्हींचं हे एकत्र परीक्षण आहे.

मत आधीच सांगून टाकतो. दोन्ही वस्तू जरूर घ्याव्यात. बॅक्टेरियाच्या जनुकशास्त्रात इतक्या कमी खर्चात इतकं काम देणारी दुसरी वस्तू नाही. मात्र संग्रहातून आलेला म्युटंट हा कच्चा माल आहे. तो पी१ फाजने (बॅक्टेरियाला लागण करणाऱ्या विषाणूने) आपल्या स्वच्छ स्ट्रेनमध्ये नेईपर्यंत त्यावरच्या एकाही निष्कर्षावर विसंबू नये.

हे हत्यार कुठल्या कामासाठी घडलं

वॅनर यांच्या संशोधनाचा मोठा भाग फॉस्फेटभोवती फिरतो. भोवतालचं फॉस्फेट संपत आलं की ई. कोलाय जनुकांचा एक पूर्ण गट सुरू करतो. त्याला फो रेग्युलॉन म्हणतात. फोआर हे प्रथिन संदेश पकडतं, फोबी हे प्रथिन जनुकं चालू करतं, आणि त्या गटातलं सगळ्यात ओळखीचं जनुक म्हणजे अल्कलाइन फॉस्फटेज बनवणारं फोए. १९८२ साली वॅनर आणि मॅकशेरी यांनी म्यू फाजच्या साहाय्याने लॅकझेड हे लॅक्टोज फोडणारं एन्झाइम बनवणारं जनुक क्रोमोसोमवर ठिकठिकाणी जोडलं आणि फॉस्फेटच्या उपासमारीत कोणते प्रमोटर (जनुकाचं वाचन सुरू करणाऱ्या जागा) जागे होतात ते शोधलं. पुढे फॉस्फोनेट फोडणारी पीएचएन जनुकं आली, फोआर नसतानाही फोबी कसं चालू होतं हा प्रश्न आला, आणि अ‍ॅसिटिल फॉस्फेटची त्यातली भूमिका आली.

या सगळ्या कामात एकेक जनुक नेमकं काढून टाकावं लागतं. एकाच स्ट्रेनमध्ये तीन-तीन, चार-चार काढावी लागतात. शेजारच्या जनुकाला धक्का लागून चालत नाही. जैवरसायनाचा प्रश्न जितका बारीक, तितकं स्वच्छ डिलीशन हवं. किरिल डाटसेंको आणि वॅनर यांनी २००० साली छापलेल्या पद्धतीचा प्रत्येक भाग या गरजेतून आलेला आहे, आणि वापरताना ते पदोपदी जाणवतं. लॅम्डा फाजच्या रेड प्रथिनांनी ई. कोलायमध्ये सरळ तुकड्याचं रीकॉम्बिनेशन होतं हे त्याआधी १९९८ साली केनन मर्फी यांनी दाखवलं होतं. वॅनर यांच्या प्रयोगशाळेने ते कोणालाही ओट्यावर करता येईल अशा स्वरूपात आणलं.

प्लाझ्मिडं: काय मिळतं

पीकेडी४६ हे मदतनीस प्लाझ्मिड. त्यावर लॅम्डाची गॅम, बीटा आणि एक्सो ही तीन जनुकं अ‍ॅरॅबिनोजच्या प्रमोटरखाली आहेत. एरवी ई. कोलायमधलं आरईसीबीसीडी एन्झाइम उघड्या टोकांचा डीएनए कुरतडून टाकतं. गॅम त्याला थोपवतं, एक्सो तुकड्याची एक साखळी खाऊन दुसरी मोकळी करतं, आणि बीटा ती मोकळी साखळी क्रोमोसोमवरच्या जुळणाऱ्या जागेशी जोडतं. प्लाझ्मिड अ‍ॅम्पिसिलिनरोधक आहे आणि ३० अंशांनाच टिकतं.

पीकेडी३, पीकेडी४ आणि पीकेडी१३ हे साचे. पहिल्यावर क्लोरॅम्फेनिकॉलची कॅसेट (त्या अँटिबायोटिकला रोखणाऱ्या जनुकाचा तुकडा), उरलेल्या दोघांवर कॅनामायसिनची, आणि प्रत्येक कॅसेटच्या दोन्ही बाजूंना एफआरटी जागा, म्हणजे एफएलपी एन्झाइम जिथे कापतं त्या. पीसीआरमध्ये पीकेडी३ची कॅसेट साधारण १.१ किलोबेसची, पीकेडी४ची १.५च्या आसपास आणि पीकेडी१३ची साधारण १.३ची येते. पाचवं पीसीपी२० इतर संशोधकांचं, १९९५चं. ते एफएलपी एन्झाइम बनवून कॅसेट कापून काढतं. तेही तापमानाला नाजूकच.

साच्यांमधली एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण पहिल्यांदा मागवणाऱ्यांची तिथेच फसगत होते. त्यांचा ओरिजिन (प्लाझ्मिडची नक्कल जिथून सुरू होते ती जागा) आर६के गॅमा आहे आणि तो पीआयआर जनुक असलेल्या यजमानातच चालतो, उदाहरणार्थ बीडब्ल्यू२५१४१. डीएच५ अल्फा या नेहमीच्या क्लोनिंगच्या स्ट्रेनमध्ये ट्रान्सफॉर्म केलं तर एकही कॉलनी येणार नाही. मग प्लाझ्मिडला दोष दिला जातो, पुन्हा मागवलं जातं आणि पुन्हा तेच होतं. खरं तर ही रचनेतली सगळ्यात शहाणी गोष्ट आहे. पीसीआरच्या मालात थोडा साचा उरला तरी तो तुमच्या स्ट्रेनमध्ये वाढत नाही, त्यामुळे खोट्या कॉलनी कमी येतात. तरीही डीपीएन१ एन्झाइमने साचा पचवून टाकावाच.

स्वतः डिलीशन करताना

प्रायमर ७० बेसचे घ्यावेत. ५′ बाजूला ५० बेस जनुकाच्या कडेशी जुळणारे, ३′ बाजूला २० बेस कॅसेटशी जुळणारे. मूळ पद्धतीत ३६ बेसची जुळणीही चालते, पण ५० ठेवल्याने यश वाढतं आणि खर्चात फारसा फरक पडत नाही. मात्र शुद्धीकरणात काटकसर करू नये. प्रायमरची रासायनिक जुळवणी ३′कडून ५′कडे होते, त्यामुळे अर्धवट राहिलेल्या रेणूंमध्ये नेमकं ५′ टोक, म्हणजे तुमची जुळणीच, तोकडी असते. पीसीआर मात्र छान येतो, कारण ३′चे २० बेस शाबूत असतात. जेलवर सुंदर पट्टी आणि प्लेटवर शून्य कॉलनी, या प्रकारामागे बऱ्याचदा हेच असतं. एवढ्या लांबीचे प्रायमर जेलने शुद्ध केलेले मागवावेत.

पीकेडी४६ असलेला स्ट्रेन अ‍ॅम्पिसिलिन आणि १० मिलिमोलर एल-अ‍ॅरॅबिनोज घातलेल्या एसओबी माध्यमात ३० अंशांना ओडी (गढूळपणाचं मोजमाप) ०.६पर्यंत वाढवावा. बाटलीवरचं एल हे अक्षर नीट वाचावं, डी-अ‍ॅरॅबिनोजने काहीही होत नाही. मग बर्फात गार करून थंड १० टक्के ग्लिसरॉलने तीन वेळा धुवावं आणि शंभरपट घट्ट करावं: ५० मिलीचे अर्धा मिली. ५० मायक्रोलिटर पेशींना १० ते १०० नॅनोग्रॅम डीएनए मूळ पद्धतीत पुरतो. अवघड जागा असेल तर ४०० ते ५००पर्यंत जायला हरकत नाही. डीएनए बफरमध्ये नको, पाण्यात घ्यावा. क्षार उरले की क्युव्हेटमध्ये ठिणगी पडते आणि ती तुकडी वाया जाते. ०.१ सेंटिमीटरच्या क्युव्हेटला १.८ किलोव्होल्ट ठेवावेत. टाइम कॉन्स्टंट ५ मिलिसेकंदांच्या जवळ आला तर धुणं नीट झालं असं समजावं, आणि ४च्या खाली गेला तर पुन्हा धुवायला बसावं. लगेच १ मिली एसओसी, ३७ अंशांना तासभर, मग निम्मं कॅनामायसिनच्या प्लेटवर. उरलेलं निम्मं टाकून देऊ नये. ते रात्रभर खोलीच्या तापमानाला ठेवून दुसऱ्या दिवशी पसरावं, पहिल्या प्लेटवर काही आलं नाही तर बऱ्याचदा यातून मिळतं.

कॅनामायसिन मिलीला २५ ते ३० मायक्रोग्रॅम ठेवावं. प्लाझ्मिडसाठीची ५०ची सवय इथे सोडावी लागते, कारण कॅसेटची क्रोमोसोमवर एकच प्रत असते.

कॉलनी येत नसतील तर दोष कुठे आहे ते दोन कंट्रोलनी कळतं. एक, त्याच पेशींत कुठलंही साधं गोल प्लाझ्मिड घालून पाहावं. त्यातही कॉलनी नाहीत तर पेशीच खराब. दोन, एमजी१६५५सारख्या लॅक्टोज वापरणाऱ्या स्ट्रेनमध्ये लॅकझेड उडवून पाहावं. एक्स-गॅलच्या प्लेटवर (लॅकझेड असेल तर कॉलनी निळी होते) पांढऱ्या कॉलनी आल्या तर पद्धत चालते आहे आणि अडचण तुमच्या प्रायमरांत किंवा जनुकात आहे.

आता तापमानाबद्दल, कारण महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांत ही पद्धत फसण्याचं हे खास कारण आहे. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही. एप्रिल-मेमध्ये नागपूर, जळगाव किंवा सोलापूरला खोलीच ३८-४० अंशांवर असेल तर काट्यावर ३० लावून काहीही उपयोग नाही. आतली प्लेट खोलीच्याच तापमानाला असते आणि पीकेडी४६ निघून जातं. अ‍ॅम्पिसिलिनच्या प्लेटवर तर हे आणखी लपतं, कारण बीटा-लॅक्टमेज बाहेर झिरपतं आणि मोठ्या कॉलनीभोवती प्लाझ्मिड नसलेल्या पेशीही वाढतात. प्लेट भरलेली दिसते आणि निम्म्या पेशी रिकाम्या असतात. त्यामुळे ही प्लाझ्मिडं बीओडीतच (गारही करणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये) ठेवावीत, आणि आत साधा काचेचा थर्मामीटर पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवावा. बाहेरच्या आकड्यावर भरवसा नको. शेकर गार करणारा नसेल तर हे काम एसीच्या खोलीत किंवा डिसेंबर-जानेवारीत उरकावं. पार्सल उन्हातून आलं असेल तरी हाच विचार करावा: स्ट्रेन जिवंत असेल पण प्लाझ्मिड गेलेलं असू शकतं. आल्या आल्या ३० अंशांना अ‍ॅम्पिसिलिनवर रेघोट्या ओढून एकेक कॉलनी वेगळी करावी. ३० अंशांना कॉलनी नीट दिसायला २० ते २४ तास लागतात, सकाळी काही दिसलं नाही म्हणून प्लेट टाकू नये.

कीओ संग्रह

तयार माल हवा असेल तर हा. हिरोताडा मोरी, वॅनर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली तो जाहीर केला. लेखावर पहिलं नाव तोमोया बाबा यांचं आहे. ४२८८ जनुकांवर प्रयत्न केला, ३९८५ जनुकांचे म्युटंट मिळाले, आणि प्रत्येक जनुकाचे दोन स्वतंत्र आयसोलेट (वेगळे काढलेले नमुने) जपले, म्हणजे एकूण ७९७०. उरलेली ३०३ जनुकं पेशीच्या जगण्यासाठी अत्यावश्यक असावीत असा अंदाज बांधता आला. जपानच्या मिशिमा इथल्या राष्ट्रीय आनुवंशिकी संस्थेतून तो वितरित होतो.

डिलीशनची आखणी फार विचारपूर्वक केलेली आहे. जनुकाचा पहिला कोडॉन ठेवला आहे आणि शेवटचे काही कोडॉनही ठेवले आहेत, कारण पुढच्या जनुकाचा रायबोसोम बसण्याचा इशारा बऱ्याचदा आधीच्या जनुकाच्या शेपटीत असतो. एफएलपीने कॅसेट काढल्यावर तिथे ३४ अमिनो आम्लांचं छोटं पेप्टाइड वाचलं जाईल असा, चौकट न मोडणारा व्रण उरतो. म्हणजे ऑपेरॉनमधल्या (एकत्र वाचल्या जाणाऱ्या जनुकांच्या रांगेतल्या) पुढच्या जनुकांचं वाचन सुरळीत राहावं अशी सोय आहे. ही सोय कॅसेट काढल्यानंतरची, हे विसरू नये. कॅसेट आत असेपर्यंत पुढच्या जनुकाचं वाचन वाढू शकतं किंवा घटू शकतं. फोबीच्या मागे त्याच ऑपेरॉनमध्ये फोआर आहे. फोबीच्या कॅसेटवाल्या म्युटंटवरून फोआरबद्दल बोलायला जाणं धोक्याचं आहे.

मूळ स्ट्रेन बीडब्ल्यू२५११३ नीट ओळखून घ्यावा. त्यात लॅकझेड बिघडवलेलं आहे, अ‍ॅरॅबिनोज आणि ऱ्हॅम्नोज पचवणारी जनुकं उडवलेली आहेत, शिवाय एचएसडीआर आणि आरपीएच-१ ही म्युटेशन आहेत. अ‍ॅरॅबिनोज पचत नाही हे पीकेडी४६च्या दृष्टीने चांगलंच, इंड्युसर संपत नाही. पण लॅक्टोज, अ‍ॅरॅबिनोज किंवा ऱ्हॅम्नोजवरच्या वाढीचे प्रयोग या संग्रहावर करता येणार नाहीत. आरपीएच-१मुळे पायआरई जनुक कमी वाचलं जातं आणि कमीत कमी घटकांच्या माध्यमात पिरिमिडीनची थोडी टंचाई राहते. वाढीचा वेग मोजताना हे मनात ठेवावं, आणि कंट्रोल म्हणून बीडब्ल्यू२५११३च वापरावा, कपाटात आहे म्हणून डीएच५ अल्फा नव्हे.

याच लॅक्टोजच्या उणिवेतून एक फुकटची तपासणी मिळते. संग्रहातला स्ट्रेन मॅकॉन्की अगरवर (लॅक्टोज पचवणारी कॉलनी जिथे गुलाबी होते) रेघाटला की फिकट कॉलनी यायला हव्यात. एक जरी गुलाबी कॉलनी दिसली तरी ती संग्रहातली नाही.

९६ खळग्यांच्या प्लेटमधून काढलेला माल एकाच कॉलनीपासून आलेला आहे असं धरून चालू नये. शेजारच्या खळग्यातला थेंब मिसळण्याचा धोका असतोच. कॅनामायसिनवर रेघाटून निदान चार कॉलनी वेगळ्या तपासाव्यात, आणि दोन्ही आयसोलेट मागवावेत. दोघांत एकच लक्षण दिसलं तर ते जनुकामुळे असण्याची शक्यता वाढते. एकात दिसलं, दुसऱ्यात नाही, तर एकात वेगळंच काही झालं आहे.

पट्टी दिसली म्हणजे झालं नाही

तपासणीतली सगळ्यात मोठी चूक फोएवरच दाखवता येईल. या जनुकाचं वाचन १४१६ बेसचं आहे, आणि त्याच्या जागी बसलेली पीकेडी१३ची कॅसेट सुमारे १.३ किलोबेसची. जनुकाच्या बाहेर दोन्हीकडे ५०० बेसवर प्रायमर ठेवून पीसीआर केला तर मूळ स्ट्रेनची आणि म्युटंटची पट्टी १ टक्क्याच्या जेलवर जवळपास एकाच उंचीवर येते. पाहणारा म्हणतो डिलीशन झालंच नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे झालंच. म्हणून एक प्रायमर बाहेरचा आणि एक कॅसेटच्या आतला असे दोन्ही बाजूंचे सांधे तपासावेत.

तरीही एक पळवाट उरते. काही म्युटंटमध्ये क्रोमोसोमचा तो तुकडा दुप्पट झालेला असतो: एका प्रतीत कॅसेट, दुसऱ्या प्रतीत मूळ जनुक शाबूत. दोन्ही सांधे अगदी बरोबर येतात आणि जनुक मात्र कामावर असतं. संग्रह बनवणाऱ्यांनीच २००९ साली सुधारित माहिती देताना अशा दुप्पट प्रती असलेले म्युटंट दाखवून दिले. आपल्याच वस्तूतला दोष त्यांनी उघडपणे मांडला, याबद्दल त्यांच्याविषयीचा आदर वाढतो. त्यामुळे तिसरा पीसीआर चुकवू नये: दोन्ही प्रायमर जनुकाच्या आतले. इथे पट्टी येता कामा नये, आणि त्याच प्रायमरांनी मूळ स्ट्रेनमध्ये आली पाहिजे. पेशीची वाढ मंदावणाऱ्या जनुकांच्या बाबतीत ही तपासणी सगळ्यात आधी करावी, कारण दुसरी प्रत राखून ठेवण्यात पेशीचा फायदा तिथेच जास्त असतो.

फो जनुकांची परीक्षा रंगावरही होते. बीसीआयपी हे रंग देणारं द्रव्य मिलीला ४० मायक्रोग्रॅम घातलेल्या प्लेटवर अल्कलाइन फॉस्फटेज असलेली कॉलनी निळी होते. वेस्टर्न ब्लॉटसाठी आणलेलं बीसीआयपी चालतं, फक्त टोल्युइडीन मीठ डीएमएफमध्ये विरघळतं आणि डायसोडियम मीठ पाण्यात, एवढं पाहून घ्यावं. एलबीमध्ये फॉस्फेट भरपूर असल्यामुळे मूळ स्ट्रेन तिथे पांढराच राहतो. म्हणून एलबीवर पांढरी कॉलनी दिसली म्हणजे फोए गेलं असा अर्थ काढू नये. त्यासाठी फॉस्फेट ०.१ मिलिमोलरवर आणलेलं मॉप्स माध्यम लागतं. एम९ इथे कामाचं नाही, ते फॉस्फेटच्याच बफरवर उभं आहे. उलट पीएसटीएस उडवलेला म्युटंट एलबीवरही ठसठशीत निळा होतो, कारण फॉस्फेट भरपूर असताना फो गटाला थांबवणारा इशारा फॉस्फेट आत आणणाऱ्या पीएसटी यंत्रणेतूनच जातो.

याच यंत्रणेतलं फोयू हे जनुक म्हणजे कुठल्याही डिलीशन संग्रहाची खरी कसोटी. ते गेलं की फो गट बेलगाम सुरू राहतो आणि पेशी फारच हळू वाढते, हे स्टीड आणि वॅनर यांनी १९९३ सालीच दाखवलं होतं. अशा प्लेटवर दोन दिवसांनी पाहावं. बारीक, गडद निळ्या कॉलनींच्या मध्ये एखादी टपोरी पांढरी कॉलनी उगवलेली असते. तिच्यात फोबी किंवा फोआरमध्ये दुसरं म्युटेशन होऊन पेशीने आपली सुटका करून घेतलेली असते. हात नेमका त्याच टपोऱ्या कॉलनीकडे जातो. पुढचे सगळे प्रयोग मग फोयूचे न राहता त्या दुसऱ्या म्युटेशनचे होतात. मंद वाढणाऱ्या म्युटंटमधून नेहमी लहान कॉलनी उचलावी, आणि ग्लिसरॉल स्टॉक पहिल्याच दिवशी करावा, चार वेळा रेघाटून झाल्यावर नव्हे.

पी१ने हलवणं

हा टप्पा लोक टाळतात, आणि तो टाळू नये म्हणूनच मुख्यतः हे परीक्षण लिहिलं आहे. पी१ फाज साधारण १०० किलोबेसचा तुकडा उचलतो, म्हणजे ४६ लाख बेसच्या क्रोमोसोममधला जेमतेम दोन टक्के. त्या तुकड्याबरोबर तुमची कॅसेट येते, आणि दात्यामध्ये इतरत्र झालेली म्युटेशन मागे राहतात. रेडच्या काळात झालेली, फ्रीजरमध्ये येण्याआधी झालेली, सगळी.

दात्याचं रात्रभराचं कल्चर एलबीमध्ये शंभरास एक सौम्य करून ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड आणि ०.२ टक्के ग्लुकोज घालावं. अर्ध्या-पाऊण तासाने ५ मिलीला १०० मायक्रोलिटर पी१ व्हीआयआरचं लायसेट (फाजने फोडलेल्या पेशींचं द्रव). दोन-तीन तासांत गढूळ माध्यम निवळतं आणि पेशींचे तंतू तरंगताना दिसतात. क्लोरोफॉर्मचे काही थेंब घालून हलवावं, सेंट्रिफ्यूज करावं, वरचं द्रव ४ अंशांना ठेवावं. क्लोरोफॉर्म पॉलिस्टायरीनच्या नळीत घालू नये, नळी विरघळते. पॉलिप्रॉपिलीन किंवा काच घ्यावी.

घेणाऱ्या स्ट्रेनच्या पेशी १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट आणि ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये घ्याव्यात. १०० मायक्रोलिटर पेशी आणि १०० मायक्रोलिटर लायसेट ३७ अंशांना अर्धा तास न हलवता ठेवावं. मग २०० मायक्रोलिटर १ मोलर सोडियम सायट्रेट आणि १ मिली एलबी, तासभर वाढ, आणि कॅनामायसिनसोबत १० मिलिमोलर सायट्रेट असलेल्या प्लेटवर. सायट्रेट कॅल्शियम बांधून टाकतं, त्यामुळे उरलेला फाज नव्या पेशींना चिकटत नाही. सायट्रेट विसरलं की कॉलनींच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात आणि चार दिवसांनी स्टॉक मरतो. निवडलेल्या कॉलनी सायट्रेटच्या प्लेटवर दोनदा रेघाटून शुद्ध कराव्यात.

दोन कंट्रोल हवेतच: फक्त पेशी आणि फक्त लायसेट. दुसरा जास्त महत्त्वाचा. लायसेटमध्ये दात्याच्या काही पेशी जिवंत राहिल्या तर त्याही कॅनामायसिनवर वाढतात आणि हुबेहूब ट्रान्सडक्टंटसारख्या (फाजने आणलेला तुकडा घेतलेल्या पेशींसारख्या) दिसतात. घेणारा स्ट्रेन एमजी१६५५ असेल तर मॅकॉन्की पुन्हा मदतीला येतो: खरा ट्रान्सडक्टंट गुलाबी, उरलेला दाता फिकट. फक्त लॅकजवळची डिलीशन हलवताना दात्याचं लॅकही सोबत येऊ शकतं आणि ही खूण फसवते. फोएसुद्धा लॅकपासून फार लांब नाही.

घेणारा स्ट्रेन आरईसीए-विरहित (रीकॉम्बिनेशन घडवणारं प्रथिन नसलेला) असेल तर काही मिळणार नाही. पी१ पेशीला लायपोपॉलिसॅकराइडच्या गाभ्यावर चिकटतो, म्हणून गॅलयूसारखे गाभा तोकडा असलेले म्युटंट ना नीट देतात ना नीट घेतात. ती डिलीशन नव्या स्ट्रेनमध्ये थेट रेडनेच करावीत.

कॅसेट काढण्याचं काम त्या मानाने सोपं. पीसीपी२० घालून ३० अंशांना अ‍ॅम्पिसिलिनवर, तिथली कॉलनी ४३ अंशांना साध्या एलबीवर रात्रभर, मग टूथपिकने कॅनामायसिन, अ‍ॅम्पिसिलिन आणि साधी अशा तीन प्लेटवर ठिपके. फक्त साध्यावर वाढणारी घ्यावी. एकाच स्ट्रेनमध्ये अशी तीन-चार डिलीशन केली तर एफआरटीचे व्रण आपापसांत जुळून मधला मोठा तुकडा गळू शकतो किंवा उलटू शकतो, त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर जुन्या जागाही पुन्हा तपासाव्यात.

काय मागवावं

एक-दोन जनुकांवर काम असेल तर पूर्ण संग्रह घेऊ नये. हवे तेवढे स्ट्रेन, प्रत्येकी दोन आयसोलेट, सोबत बीडब्ल्यू२५११३, पीकेडी४६, एक साचा आणि पीसीपी२० एवढं पुरतं. पूर्ण संच तेव्हाच परवडतो, जेव्हा हजारो म्युटंट एकत्र तपासायचे असतात आणि उणे ८० अंशांचे दोन वेगवेगळे फ्रीजर हाताशी असतात. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी आणि साहित्य-हस्तांतरणाचा करार यांना वेळ लागतो, त्यामुळे प्रायमर मागवण्याआधी ती कागदपत्रं पुढे सरकवावीत.

जनुक परत घालून लक्षण पूर्ववत होतं का हे पाहण्यासाठी याच जपानी गटाचा अस्का संग्रह आहे. प्रत्येक जनुक क्लोरॅम्फेनिकॉलरोधक पीसीए२४एन प्लाझ्मिडवर, आयपीटीजी या रसायनाने चालू होणारं. कॅनामायसिनच्या कॅसेटसोबत तो बिनधास्त वापरता येतो, पण प्रमोटर गळका आहे आणि प्रती बऱ्याच असतात. सुरुवात आयपीटीजी न घालता करावी, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. नियंत्रक प्रथिनं आणि पडद्यातली प्रथिनं यांच्यासाठी मात्र आम्ही अस्का सुचवणार नाही. तिथे हाल्डिमान आणि वॅनर यांची २००१ सालची क्रिम प्लाझ्मिडं घ्यावीत. ती फाजच्या जोडजागेवर क्रोमोसोममध्ये बसतात, त्यामुळे जनुकाची एकच प्रत परत मिळते. ओरिजिन इथेही आर६के गॅमाच आहे, म्हणून ती वाढवायलाही पीआयआरवाला यजमानच लागतो. बीडब्ल्यू२५१४१ त्याच ऑर्डरमध्ये मागवून ठेवावा.